खोटी ओळख, खरे प्रेम आणि माणसांचा बाजार: लष्करी प्रेम-थरारकथा समजून घेताना

इंग्रजी ई-पुस्तकांच्या दुकानांत 'रोमँटिक सस्पेन्स' नावाचा एक मोठा विभाग असतो आणि त्यात एक ठरावीक प्रकारची कादंबरी पुन्हा पुन्हा भेटते. नायक अमेरिकी नौदलाच्या 'सील' या विशेष कमांडो पथकातला किंवा तिथून निवृत्त झालेला जवान असतो. नायिका डॉक्टर, पत्रकार, दुभाषी किंवा स्वतःच गुप्तहेर असते. माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या एखाद्या टोळीत दोघे खोट्या नावांनी शिरतात, जिवावर बेतणाऱ्या प्रसंगांतून जाताना एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि शेवटी टोळीचा निकाल लागून दोघांचा संसार उभा राहतो. हा प्रकार मराठी वाचकांतही, विशेषतः मोबाइलवर वाचणाऱ्या तरुण वाचकांत, पोहोचला आहे. प्रतिलिपीसारख्या व्यासपीठांवर लष्करी अधिकारी नायक असलेल्या क्रमशः प्रेमकथा मराठीतही वाचायला मिळतात. अशा पुस्तकांकडे करमणूक म्हणून पाहून पुढे जाण्याची आपली सवय आहे. मला मात्र हा प्रकार नीट समजून घ्यावासा वाटतो, कारण मानवी तस्करी म्हणजे काय याचे अनेकांच्या मनातले चित्र कायद्याच्या पुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून आलेले नसून अशाच कथांतून आलेले असते.

आधी या प्रकाराची रचना पाहू. अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांची संघटना १९८० मध्ये स्थापन झाली. प्रेमकादंबरीसाठी तिने दोन अटी मानल्या: प्रेमकथा हा पुस्तकाचा गाभा असला पाहिजे आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी असला पाहिजे. १९४९ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या हार्लेक्विन या प्रकाशनाने १९८४ मध्ये प्रेम आणि रहस्य यांची सांगड घालणारी स्वतंत्र मालिका काढली, तेव्हा या मिश्रणाला बाजारात स्वतःचे नाव मिळाले. यातली कसोटी साधी असली तरी लेखकाचा कस पाहणारी आहे. पुस्तकातून प्रेमकथा काढून टाकली तर रहस्य उभे राहता कामा नये आणि रहस्य काढले तर प्रेमकथेला पुढे सरकायला कारण उरता कामा नये. नुसत्या पाठलागात मधूनच दोन चुंबने घातली म्हणून हा प्रकार साधत नाही. नायकाने नायिकेवर विश्वास ठेवण्याचा क्षण आणि मोहिमेचा निर्णायक क्षण एकच असावा लागतो.

त्यासाठी लेखकांनी काही युक्त्या घडवल्या आहेत. कथन बहुधा आलटून पालटून नायक आणि नायिका यांच्या नजरेतून होते, त्यामुळे एकाला ठाऊक असलेली आणि दुसऱ्यापासून लपवलेली गोष्ट वाचकाला दोन्ही बाजूंनी दिसते. पथक हा मालिकेचा कणा असतो, म्हणजे पहिल्या पुस्तकात ज्या जोडप्याचे जुळले ते पुढच्या पुस्तकात दुय्यम पात्रे होतात आणि पथकातल्या दुसऱ्या जवानाची गोष्ट सुरू होते. सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे खोटे जोडपे: दोघांना नवरा-बायको म्हणून किंवा गिऱ्हाईक आणि त्याची सोबतीण म्हणून टोळीसमोर वावरावे लागते आणि नाटक कुठे संपले, खरे कुठे सुरू झाले हे त्यांचे त्यांनाच कळेनासे होते. गुप्त मोहीम आणि प्रेमकथा एकमेकींना इतक्या सहज चिकटतात त्याचे कारण इथेच आहे. खोटी ओळख घेतलेला माणूस प्रेमात पडला, की त्याच्या प्रेमाचा पायाच खोटा ठरण्याचा धोका निर्माण होतो आणि कथेला लागणारा ताण बाहेरून आणावा लागत नाही.

नायक लष्करातलाच का? 'सील' पथके १९६२ मध्ये स्थापन झाली, पण सामान्य वाचकाला त्यांचे नाव घरच्यासारखे झाले ते २००१ नंतरच्या अफगाणिस्तान आणि इराक युद्धांमुळे आणि विशेषतः मे २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादवर घातलेल्या छाप्यामुळे. युद्धावरून परतलेल्या, झोप हरवलेल्या, साथीदार गमावलेल्या माणसाला पुन्हा जवळीक साधता येईल का, हा त्या काळातल्या अनेक अमेरिकी घरांतला खरा प्रश्न होता आणि प्रेमकादंबरीने तो उचलला. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेने लष्करातली सर्व लढाऊ पदे स्त्रियांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे नायिकेलाही केवळ वाचवली जाणारी न राहता वाचवणारी होण्याची मुभा मिळाली.

यात एक अडचण मात्र आहे. अमेरिकेत १८७८ पासून असा कायदा आहे, की संविधानाने किंवा संसदेने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज लष्कराला देशांतर्गत पोलिसी कामासाठी वापरता येत नाही. मुळात तो भूदलापुरता होता, पुढे हवाई दल आणि नौदलही त्यात आले. म्हणजे 'सील' पथकातल्या सेवारत जवानाने टेक्सासमधल्या एखाद्या कुंटणखान्यावर छापा घालणे त्याच्याच देशात बेकायदा ठरेल. तस्करीचा तपास तिथे एफबीआय, गृहसुरक्षा खात्याची तपास शाखा, कामगार खाते आणि स्थानिक पोलीस करतात. या कादंबऱ्यांतले इतके नायक निवृत्त का असतात आणि खासगी सुरक्षा कंपनीत का काम करतात, याचे उत्तर माझ्या मते बऱ्याच अंशी इथे मिळते. कायद्याने बंद केलेला दरवाजा टाळण्यासाठी कथेने ही खिडकी शोधली आहे. काही लेखक या अडचणीचा उपयोग करून घेतात: नायकाला अटक करण्याचा अधिकार नसतो, त्याने मिळवलेला पुरावा न्यायालयात टिकेल की नाही याची खात्री नसते आणि अधिकार असलेल्या नायिकेशी त्याचा संघर्ष त्यातूनच पेटतो. बाकीचे लेखक हा प्रश्न विचारतच नाहीत आणि तिथे त्यांचे पुस्तक माझ्या लेखी हलके होते.

आता ज्या गुन्ह्याभोवती हे सारे फिरते, तो नेमका काय आहे ते पाहू. संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारलेल्या आणि पालेर्मो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात मानवी तस्करीचे तीन घटक सांगितले आहेत. पहिला घटक कृती: माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या ताब्यात देणे. दुसरा साधन: बळजबरी, धमकी, फसवणूक, अपहरण, असहाय परिस्थितीचा गैरफायदा, किंवा ज्याचा त्या व्यक्तीवर ताबा आहे त्याला पैसे देणे. तिसरा हेतू: शोषण, मग ते लैंगिक असो, सक्तीच्या मजुरीचे असो किंवा अवयव काढून घेण्याचे असो. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत तिन्ही घटक लागतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत साधन सिद्ध करण्याची गरजच नसते. सीमा ओलांडणे ही अट कुठेही नाही, आपल्याच तालुक्यात राहूनही माणूस तस्करीचा बळी असू शकतो. भारताने हा करार २०११ मध्ये मान्य केला. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये तस्करीची सविस्तर व्याख्या आली आणि जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. बळी पडलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती हे गुन्हा ठरवताना विचारात घेऊ नये, असेही कायदा स्पष्टपणे सांगतो. फसवून किंवा धाकाने मिळवलेल्या होकाराला संमती म्हणायचे नाही, हा त्यामागचा विचार आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ सालासाठीच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या मजुरीत होती आणि त्यांपैकी सुमारे ६३ लाख सक्तीच्या लैंगिक शोषणात होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की कादंबऱ्यांचा कल चटकन लक्षात येतो. त्यांत जवळजवळ नेहमी लैंगिक शोषणच असते. वीटभट्टी, मासेमारीची बोट, घरकाम, शेत किंवा कारखाना त्यांत क्वचितच येतो.

गुन्ह्याच्या रीतीबाबतही असेच अंतर आहे. कादंबरीत मुलगी पार्किंगमधून उचलली जाते, बंद कंटेनरमधून नेली जाते, आलिशान बंगल्यात तिचा लिलाव होतो आणि नायकाकडे अठ्ठेचाळीस तास उरतात. असे कधीच घडत नाही असे म्हणता येणार नाही, पण बहुतेक वेळा सुरुवात ओळखीच्या माणसाकडून होते: गावातली बाई, दूरचा नातेवाईक, लग्नाचे वचन देणारा मुलगा, शहरात काम मिळवून देणारा दलाल. घरच्यांना उचल दिली जाते आणि त्या उचलीवर व्याज, जेवण, राहणे, औषध असे सारे चढत जाऊन न फिटणारे कर्ज तयार होते. कागदपत्रे काढून घेतली जातात. दाराला कुलूप असतेच असे नाही. पळून गेलीस तर धाकट्या बहिणीला आणू, घरी सगळे सांगू, पोलीस तुलाच आत टाकतील, एवढी धमकी पुरते. काही जणींच्या बाबतीत फसवणारा माणूस हाच प्रियकर असतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलणे त्यांना सर्वांत कठीण जाते.

कादंबरीकार अपहरण निवडतो यामागे केवळ अज्ञान आहे असे मला वाटत नाही. थरारकथेला वेळेची मर्यादा लागते आणि अपहरणाला ती असते. कर्जाला ती नसते. कर्ज वर्षानुवर्षे चालते, रोज थोडे वाढते आणि त्यात एकही असा क्षण नसतो की ज्या क्षणी हेलिकॉप्टर यावे. शिवाय अनोळखी राक्षस उभा केला, की वाचकाला आपल्या शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे लागत नाही.

ओलीस आणि तस्करीत सापडलेली व्यक्ती यांची सरमिसळही इथूनच सुरू होते. जानेवारी २०१२ मध्ये 'सील' जवानांनी सोमालियात अडकलेल्या दोन मदत-कर्मचाऱ्यांची रात्रीच्या कारवाईत सुटका केली. ती खरोखरची लष्करी सुटका होती, पण ते दोघे ओलीस होते. आपण कैदेत आहोत हे त्यांना ठाऊक होते, त्यांच्यासाठी खंडणी मागितली जात होती आणि सुटल्यावर परत जायला घर, देश आणि नोकरी होती. तस्करीत सापडलेल्या व्यक्तीकडे यातले बरेच काही नसते. आता युद्ध आणि तस्करी जिथे प्रत्यक्ष एकत्र येतात असे उदाहरण घेऊ. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियातल्या चिबोक गावच्या शाळेतून बोको हराम या अतिरेकी संघटनेने २७६ मुली पळवल्या. अमेरिकेने शोधासाठी शेजारच्या चाडमध्ये सुमारे ८० सैनिक आणि टेहळणीची साधने पाठवली. तरीही पुढच्या काळात मुलींचे सर्वांत मोठे दोन गट परत आले ते वाटाघाटींतून: ऑक्टोबर २०१६ मध्ये २१ आणि मे २०१७ मध्ये ८२. जगातले सर्वांत प्रगत लष्कर मदतीला असूनही मध्यस्थांच्या संथ, चिवट बोलण्यातूनच मार्ग निघाला. एखाद्या प्रतिभावान लेखकाने अशा मध्यस्थाला नायक करावे असे मला मनापासून वाटते.

लष्कराची आणखी एक बाजू आहे आणि ती या कादंबऱ्यांत फार कमी येते. इराक आणि अफगाणिस्तानातले अमेरिकी तळ चालवण्यासाठी स्वयंपाकी, सफाई कामगार आणि हमाल लागत आणि ते ठेकेदार व उपठेकेदारांच्या साखळीतून दक्षिण आशियातल्या गरीब गावांतून आणले जात. ऑगस्ट २००४ मध्ये इराकात अतिरेक्यांनी बारा नेपाळी कामगारांची हत्या केली. त्यांच्यापैकी अनेकांना जॉर्डनमध्ये हॉटेलात नोकरी मिळेल असे सांगून घरच्यांना कर्ज काढायला लावले होते आणि नंतर एका अमेरिकी तळावर कामाला नेण्यात येत होते. फसवणूक, कर्ज, दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि मजुरीचा हेतू, म्हणजे करारातले सारे घटक इथे दिसतात. अमेरिकी सरकारने डिसेंबर २००२ मध्येच तस्करीबाबत शून्य सहनशीलतेचे धोरण जाहीर केले होते आणि पुढे ठेकेदारांसाठीचे नियम अधिक कडक केले. खोट्या ओळखीने शोध घेणारा जवान आपल्याच तळाच्या भटारखान्यात पोहोचतो, अशी कादंबरी लिहिली गेली तर ती या प्रकारातली सर्वांत धाडसी ठरेल.

प्रत्यक्षातले गुप्त काम कसे चालते हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात हे काम लष्कराचे नाही. ते पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाचे आणि त्यांना माहिती देणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे आहे. वर्तमानपत्रात 'बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा रचला' अशी एक ओळ येते, तिच्यामागे बरीच तयारी असते. बनावट गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्याला दिलेल्या नोटांचे क्रमांक आधी लिहून ठेवावे लागतात, पंच सोबत घ्यावे लागतात, इशारा ठरवावा लागतो. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यानुसार, ज्याला पोलीस आणि पत्रकार 'पिटा' म्हणून ओळखतात, झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस हजर असाव्या लागतात आणि स्त्रीची विचारपूस महिला पोलिसानेच करायची असते. महिला पोलीस मिळत नसेल, तर ती मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला कार्यकर्तीच्या उपस्थितीत करायची असते. सीमेवर हे काम सशस्त्र सीमा बलाचे जवान करतात. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांब आणि खुली आहे, त्यामुळे कोणती मुलगी कोणासोबत का चालली आहे हे चार प्रश्न विचारून ओळखणे, हेच तिथले कौशल्य ठरते. २०१९ पासून राष्ट्रीय तपास यंत्रणेलाही तस्करीच्या गुन्ह्यांचा तपास करता येतो.

कादंबरी बहुधा दार फुटते तिथे संपते. खऱ्या कामाचा सर्वांत अवघड भाग तिथे सुरू होतो आणि मुंबईला हे १९९६ मध्ये फार वेदनेने कळले. त्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी मुंबईतल्या वेश्यावस्त्यांवर छापे घालून चारशेहून अधिक मुली आणि स्त्रियांना बाहेर काढले. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. सरकारी सुधारगृहांत इतक्या जणींची सोय नव्हती, आजारी मुलींवर पुरेसे उपचार नव्हते, काही जणींचा तिथेच मृत्यू झाला आणि मायदेशी परतायला अनेकींना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणी परत जाऊ शकल्या. सुटका म्हणजे एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत जाणे, असा अनुभव त्या मुलींना आला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

याच मुद्द्यावर महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूनेही मोठा विचार झाला आहे. सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्थेच्या, म्हणजे 'संग्राम'च्या, कामातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद गेली अनेक वर्षे सांगत आली आहे, की स्वतःच्या निर्णयाने हा व्यवसाय करणारी प्रौढ स्त्री आणि तस्करी झालेली स्त्री यांना एकाच मापाने मोजू नका आणि आम्हाला न विचारता आमची सुटका करू नका. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसतिगृहात ठेवलेल्या तीन प्रौढ स्त्रियांना मुक्त करताना, त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबून ठेवता येणार नाही असे म्हटले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, स्वेच्छेने हे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला पोलिसांनी त्रास देऊ नये, असे निर्देश दिले. तस्करीविरोधी काम करणाऱ्या काही संस्थांना ही भूमिका पूर्णपणे पटत नाही. गरिबीतून आलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणावे का, असे त्या विचारतात. हा वाद प्रामाणिक आहे आणि दोन्ही बाजूंना आयुष्य या कामात घालवलेली माणसे आहेत.

मला या कादंबरीप्रकाराबद्दल जे सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते इथून निघते. तस्करी हा माणसाचा होकार-नकार हिरावून घेण्याचा गुन्हा आहे आणि प्रेमकादंबरी ही मुळातच होकाराची गोष्ट असते. दोन माणसे, ज्यांना एकमेकांना नाही म्हणता आले असते, ती विचारपूर्वक हो म्हणतात, हेच प्रेमकथेचे मर्म आहे. त्यामुळे हा विषय आणि हा प्रकार एकत्र येणे वरकरणी विसंगत दिसले तरी त्यात खोल संगती आहे आणि चांगला लेखक ती ओळखतो. त्याच्या पुस्तकात नायक जखमी नायिकेला उचलून आणून तिचे पुढचे आयुष्य ठरवत नाही. आपण खोट्या नावाने तिच्याजवळ आलो हे तो आधी कबूल करतो, मग थांबतो आणि तिला निघून जायची वाट मोकळी ठेवतो. नायिका स्वतः तस्करीतून बाहेर आलेली असेल, तर स्पर्शाचा, दार आतून लावण्याचा, स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडण्याचा निर्णय तिचा असतो आणि या छोट्या निर्णयांना पाठलागाइतकीच पाने मिळतात. सुमार पुस्तकात नायकाची मालकी हेच त्याचे प्रेम ठरते: तू आता माझी आहेस, तू बाहेर जायचे नाहीस, तुझ्या भल्यासाठी मी तुला हे सांगितले नाही. ही वाक्ये टोळीच्या म्होरक्याच्या तोंडी घालून पाहावीत, ती तिथेही चपखल बसतात.

दुसरी कसोटी दुय्यम पात्रांची आहे. वाचवल्या गेलेल्या इतर मुलींना नाव आहे का, त्यांना एखादे पूर्ण वाक्य बोलता येते का, शेवटच्या प्रकरणात त्या कुठे आहेत हे लेखकाने सांगितले आहे का? कित्येक पुस्तकांत बारा जणी ट्रकमधून उतरतात, त्यांना ब्लँकेट दिले जाते आणि पुढच्या परिच्छेदापासून त्या नाहीशा होतात, कारण सुखान्ताची हमी प्रकाराच्या नियमाने फक्त दोघांना दिलेली आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या तस्करीविरोधी कायद्याने अशा परदेशी व्यक्तींसाठी एक खास व्हिसा निर्माण केला आहे. त्याची वार्षिक मर्यादा पाच हजार आहे आणि प्रौढ अर्जदाराने तपासाला वाजवी सहकार्य करावे अशी साधारण अपेक्षा असते. ट्रकमधून उतरलेल्या त्या बारा जणींपुढे किती कठीण निवड असते हे यातून कळते: बोलावे तर गावी असलेल्या घरच्यांना धोका, न बोलावे तर राहण्याचा हक्क अनिश्चित. यात एका संपूर्ण कादंबरीइतका ताण भरलेला आहे.

मराठीत असे लिहू पाहणाऱ्यांना 'सील' पथकाची उसनवारी करण्याची गरज नाही. पोलिसांच्या तस्करीविरोधी कक्षात नव्याने बदलून आलेली महिला उपनिरीक्षक आणि संस्थेचा कार्यकर्ता, किंवा सीमा बलाचा जवान आणि नेपाळी दुभाषी, यांच्यात खोट्या ओळखीचा, गुपिताचा आणि विश्वासाचा तोच खेळ तितक्याच ताकदीने रंगू शकतो. वेळेची मर्यादाही इथे आयती मिळते. छाप्याची बातमी फुटली तर घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, मुलींना रातोरात दुसऱ्या शहरात हलवते. वयाच्या वैद्यकीय तपासणीवर खटल्याची दिशा अवलंबून असते. साक्षीची तारीख येईपर्यंत मुलगी फितवली जाते किंवा घाबरून गावी निघून जाते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तस्करीला बळी पडलेल्या मुलांना दूरच्या न्यायालयात खेटे घालावे लागू नयेत म्हणून त्यांची साक्ष ती राहतात तिथून दृक्‌श्राव्य माध्यमाने नोंदवण्याची कार्यपद्धती लागू केली. त्यामुळे कथेचा परमोच्च क्षण आता एखाद्या जिल्हा न्यायालयातल्या पडद्यासमोरही घडू शकतो: पलीकडे शेकडो मैलांवर सतरा वर्षांची मुलगी, अलीकडे तिला फसवणारा आरोपी, आणि तिने ओळख पटवून नाव घ्यायचे की नाही हे पूर्णपणे तिच्यावर सोपवून बाजूला उभी राहिलेली ती दोघे.